आईची गोळी आणि शेजारची मेथी

माझी आई शेजारी जाते तेव्हा पायात चपला घालत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना घालते, गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना घालते, पण शेजारी मात्र अनवाणी जाते. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. ती मोजायची मला काही गरज नव्हती. मोजली.

शेजारी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवून देणारी बाई राहते. वय चाळिशीच्या आसपास. मूळची पाथर्डीकडची. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे, त्यामुळे सातवीनंतर तिची शाळा सुटली. नवरा टेम्पो चालवतो आणि आठवड्यातले चार दिवस बाहेर असतो. सावेडीतल्या आमच्या या रांगेत ती पाच वर्षांपूर्वी भाड्याने राहायला आली. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, म्हणून ती आईला ‘बाई’ म्हणते. मला ‘ताई’ म्हणते, पण म्हणताना गालातल्या गालात हसते.

मी पत्रकांवर वाढले. वडील छापखान्यात होते आणि शहरातल्या सगळ्या मोर्चांची, संपांची, पाणी परिषदांची पत्रकं त्यांच्याच मशीनवर निघायची. बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. बाराखडीच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांच्याकडून घर नाही आलं, एक विश्वास आला: गोष्ट स्पष्ट शब्दांत कागदावर आणली की माणसं ऐकतात. अजूनही कुठे अन्याय दिसला की मी आधी कागद शोधते.

तीन वर्षांपूर्वी आईच्या हृदयाची झडप बदलली. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा, त्यात ती झडप खराब झाली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तिथे धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी घ्यायची, जन्मभर. गोळीचा परिणाम कमी पडला तर गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. जास्त झाला तर कुठूनही रक्त वाहू शकतं. तो बरोबर मधे आहे का, हे बघायला महिन्या-महिन्याला रक्त तपासायचं. त्या तपासणीला आयएनआर म्हणतात. आईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे राहायला हवा, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दवाखान्यातून सूचनांचं चार पानी पुस्तक मिळालं होतं. मला ते गुळमुळीत वाटलं. ‘पालेभाज्यांबाबत जपून राहावे’, ‘अन्य औषधे विचारूनच घ्यावीत’. पत्रकात ‘जपून’ हा शब्द चालत नाही. मागणी स्पष्ट हवी. मी एका पानात आठ कलमं लिहून काढली आणि फ्रिजवर चिकटवली. त्यातलं पाचवं कलम होतं: पालेभाज्या बंद. सहावं: काढे, चूर्णं, कॅप्सूल, शेजारपाजारच्या गोळ्या बंद. आईने ते उभ्याने वाचलं, लाल पेनाने माझी एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाली, “छान झालंय. मोर्चा कधी आहे?”

मला वाटलं, ऐकलं तिने.

दुपारी एक ते तीन आई शेजारी असायची. मी घरून काम करते, अनुवाद, मुद्रितशोधन, कधी एखादा लेख. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा, तो थांबला की बोलणं, आणि मग आईचं हसणं. ते हसणं आमच्या घरात नव्हतं. आमच्या घरात आई नाकातून हसते, शिक्षिका वर्गात हसते तसं. तिथे ती तोंड उघडून हसायची. मी कानात इअरफोन घालायचे आणि गाणं मात्र लावायचे नाही.

एकदा मी काहीतरी निमित्त काढून गेले. आई जमिनीवर बसून ब्लाउजला हुक लावत होती. माझा छापून आलेला लेख वाच म्हटलं की तिचे डोळे दुखायचे. इथे ती सुईत दोरा ओवत होती, पहिल्याच फटक्यात.

“या ताई,” शेजारीण म्हणाली. “बसा की. का कुनाच्या इरोधात जायचंय?”

आई हसली. तोंड उघडून.

मी म्हणाले, “आईची गोळी संध्याकाळी सातला असते, आठवण करायला आले.”

“आता दीड वाजलाय,” आई म्हणाली.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते लिहायचं असं शिकले आहे. मला त्या बाईचा राग नव्हता. ती वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाविरुद्ध काय लिहायचं ते मला माहीत आहे. मला तिच्याकडे जे होतं ते हवं होतं. आईच्या बहिणीचं नवऱ्याशी पटत नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ऑपरेशनच्या आधी आई किती घाबरली होती हेही तिला माहीत होतं. मला आईने “काही नाही गं, जुना पंप बदलतायत” एवढंच सांगितलं होतं.

दिवाळीनंतर शेजारीण गावी गेली. भाऊ-भावजय कारखान्याकडे तोडीला निघणार होते आणि म्हाताऱ्या आईजवळ कुणी नव्हतं. तिची दुसरी सोय लागेपर्यंत तीन आठवडे तरी राहावं लागणार होतं. जाताना घराची किल्ली तिने माझ्या आईकडे दिली, तुळशीला पाणी घालायला. मी गॅलरीतून बघत होते. दोघी रिक्षापाशी बराच वेळ बोलत होत्या, आणि मला मनापासून आनंद झाला होता.

त्या तीन आठवड्यांचं मी आखीव वेळापत्रक केलं. दुपारचं जेवण दोघी एकत्र. मी स्वतः स्वयंपाक करायचे: दुधी, पडवळ, दोडका, कोबी थोडा, पालेभाजीचं पानही नाही. आई जेवायची, “चांगलं झालंय” म्हणायची आणि अर्धी पोळी ठेवायची. जेवून झाल्यावर किल्ली घेऊन तुळशीला पाणी घालायला जायची. तुळस एवढीशी आणि तिला दहा मिनिटं लागायची. मला वाटायचं, रिकाम्या घरातही जाऊन बसते, इतकी ओढ.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या दंडावर निळे डाग दिसले. “दाराचा कोपरा लागला,” म्हणाली. मग दात घासताना बेसिनमध्ये रक्त. “ब्रश नवीन आहे.” आणि एका सकाळी चहा पिताना नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. मी तिला पुढे वाकवून बसवलं, नाक दाबून धरलं, घड्याळाकडे बघत राहिले. पंचवीस मिनिटं झाली. तिचा टॉवेल भिजला. ती एका हाताने माझं मनगट धरून होती आणि तेवढ्यातही मला वाटून गेलं की आत्ता तिने मला धरलंय. असला विचार त्या वेळी यावा, याचंच मला नंतर जास्त भय वाटलं.

रिक्षाने दवाखाना गाठला. नाकात कापसाची पट्टी भरली, रक्त घेतलं. आकडा सहाच्या वर आला.

डॉक्टर वयस्कर आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी आईकडे बघून विचारलं, “नवीन काय सुरू केलंत? दुसरी गोळी, दुखण्यावरची, सर्दीची, काढा, चूर्ण, ताकदीची कॅप्सूल, काहीही?”

मी म्हणाले, “आमच्या घरात असलं काही चालत नाही, डॉक्टर.”

“मी त्यांना विचारलं.”

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “नाही,” म्हणाली.

“जेवणात बदल?”

पुन्हा मीच. “पालेभाजी तीन वर्षं बंद आहे. एक पान नाही.” मी हे अभिमानाने सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बंद कुणी करायला सांगितली?”

मी दवाखान्यातून मिळालेल्या पुस्तकाचं नाव पुढे केलं. ते म्हणाले, “त्यात बंद लिहिलेलं नाही. पालेभाजीने या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं, एवढंच. माणूस जेवतो त्याप्रमाणे आम्ही डोस बसवतो. खाणं एकदम बंद केलं तर तोच डोस जड होतो.” मग त्यांनी जुने रिपोर्ट चाळले. “पण तीन वर्षं बंद असेल तर डोस त्यावरच बसला असणार. आकडे सरळ आहेत. मग या महिन्यातच का चढला? काहीतरी बदललंय. ते शोधा. आज-उद्या ही गोळी द्यायची नाही, परवा पुन्हा रक्त. मधे रक्त आलं, शी काळी झाली, डोकं जोरात दुखलं, तर फोन न करता थेट यायचं. आणि येताना घरात असेल ते सगळं पिशवीत घालून आणा. गोळ्या, बाटल्या, पुड्या. मला नाव नको, वस्तू दाखवा.”

घरी आल्यावर आई पडली. मी विचारलं तर “दमले गं” म्हणून कुशीवर वळली. ती झोपल्यावर मी तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांमध्ये हात घातला, देवघराच्या मागे बघितलं, पिठाच्या डब्यात बघितलं. झडती घेणाऱ्यांविरुद्ध मी दोनदा लिहिलं आहे. काहीच सापडलं नाही. पिशवीत घालायला आमच्याकडे फक्त तिच्या नेहमीच्या गोळ्या होत्या.

परवा हातात काहीतरी न्यायला हवं होतं. नाही तर डॉक्टर डोस अंदाजाने बदलणार, आणि अंदाज चुकला तर एकीकडे रक्त, दुसरीकडे गुठळी. आई मला सांगणार नव्हती. ती कुणाला सांगते हे मला माहीत होतं. मी तिचा फोन उचलला. कॉलच्या यादीत वरून खालपर्यंत एकच नाव होतं. माझं नाव नव्हतं. मी घरातच असते, हे मी स्वतःला समजावलं.

फोन लागला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, “बाई, आज उशीर केला? जेवल्या का?”

“मी बोलतेय.”

“ताई? बाईंना काय झालं?”

सगळं सांगितलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मी काय देत हुते त्ये सांगू का?” ती म्हणाली. “रागवू नका. रोज दुपारी वाटीभर पालेभाजी हुती. मेथी, न्हाई तर शेपू, चाकवत. बाईंना भाकरीसंगं लई आवडती. तुमी बंद केल्यापासून त्या माझ्याकडंच खात्यात.”

“तीन वर्षं?”

“व्हय. रोज. आईतवारी सुदिक.”

म्हणजे डॉक्टरांनी डोस बसवला होता तो तिच्या वाटीवर. माझ्या पाचव्या कलमाचा त्यात काही संबंधच नव्हता. आणि या तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते कलम खरोखर अंमलात आलं होतं.

“आनि अजून एक हाय,” ती हळू बोलली. “बाईंचं गुडघं दुखत्यात. मी रोज तेल चोळून देते. आता मी न्हाई म्हनून जाताना माझ्या मालकाच्या दुखन्याच्या गोळ्या दिल्या, पाकीट. आनि एक गिऱ्हाईक हळद-लसनाच्या कॅप्सूल इकतं, त्याची बाटली. झाडपाल्याचं हाय, काय हुतंय, आसं मला वाटलं. मशिनीच्या डाव्या खनात ठेवल्यात. तुमच्या घरात नगं म्हनल्या बाई.”

मी तिला बरंच काही बोलणार होते. वाक्यं तयार होती, ठळक टाइपातली. तिने मधेच विचारलं, “ताई, वाचतील ना त्या?” मग म्हणाली, “मी उद्या पयल्या यष्टीनं येते.”

आई जागी होती. उघड्या दारातून तिला पडल्या पडल्या सगळं ऐकू गेलं असावं. तिने उशीखालून किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

मी पहिल्यांदाच त्या घरात एकटी गेले. मशीनच्या डाव्या खणात दोऱ्यांच्या रिळांमध्ये गोळ्यांचं पाकीट होतं, पंधरातल्या दोन उरलेल्या. बाजूला बाटली, अर्धी. आणि आईचा जुना जाड चष्मा. तो हरवला असं तिने सांगितलं म्हणून मी तिला नवीन घेऊन दिला होता.

घरी येऊन मी पाकीट तिच्या पांघरुणावर ठेवलं. “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? गुडघा दुखतो म्हणून?”

“हो.”

“सांगितलं असतं तर तू कागद काढला असतास.” आई छताकडे बघत बोलत होती. “मी पस्तीस वर्षं मुलांना सूचना दिल्या. आता कुणी सूचना दिली की मला शाळा सुटल्यावर मागे ठेवल्यासारखं वाटतं. तिला मी सांगते, गुडघा दुखतो. ती म्हणते, लई दुखतोय का. एवढंच म्हणते.”

“आणि मग चुकीची गोळी देते.”

“हो,” आई म्हणाली. “तू पण चुकीचंच दिलंस. पडवळ.”

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. रिक्षात आई मधे बसली होती. शेजारणीच्या मांडीवर पिशवी, आणि त्या पिशवीवर आईचा हात. मी बाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी एकेक वस्तू हातात घेतली. दुखण्याच्या गोळीचं पाकीट बाजूला सरकवलं. “ही या गोळीबरोबर कधीच नाही. पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेरून कळतही नाही.” बाटली फिरवून मागचं वाचलं. “भाजीत हळद, लसूण घाला, त्याला हरकत नाही. ही कॅप्सूल म्हणजे मूठभर माल दाबून भरलेला. तो पण रक्त पातळ करतो. झाडपाल्याचं असलं तरी औषधच आहे.” मग त्यांनी माझ्याकडे न बघता तिला विचारलं, “भाजी किती देता?”

“ही येवढी वाटी.” तिने ओंजळ करून दाखवली. “रोज.”

“तीच चालू ठेवा. तेवढीच. कधी डबल नको, कधी बंद नको. गावाला जाणार असाल तर यांना सांगून जा.” यांना म्हणजे मला. “गुडघ्यासाठी मी एक साधी गोळी लिहून देतो, तीही किती घ्यायची ते लिहिलंय, त्याहून जास्त नाही. तेल हलक्या हाताने, रगडायचं नाही. आणि मेडिकलमध्ये काहीही घेताना आधी सांगायचं की ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.”

शेजारणीने डोळ्याला पदर लावला. “माझ्यामुळं झालं हे, डाक्टर.”

“दोघींमुळे झालं,” ते म्हणाले आणि आता माझ्याकडे बघितलं. “एक भरवत होती, एक बंद करत होती, आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी मधे बसून आकडे बघत होतो.”

आईला हे ऐकून हसू आलं. नाकातला कापूस नुकताच काढलेला, तरी हसली, आणि तोंड उघडून.

आकडा त्या दिवशी चारच्या खाली आला होता. गोळी पुन्हा सुरू झाली. पुढच्या आठवड्यात तीन. फ्रिजवरचा कागद मी काढला. दुसरा लिहायला बसले आणि लिहिता येईना. शेवटी वही घेऊन शेजारी गेले, मशीनजवळच्या स्टुलावर बसले आणि ती सांगेल तसं उतरवून घेतलं: सोमवारी मेथी, मंगळवारी शेपू. मधेच ती म्हणाली, “लेखिकाबाई, ‘वाटीभर’ ल्ह्या. ‘योग्य प्रमानात’ ल्हिऊ नका.” ते वाक्य मला सुचायला हवं होतं. डॉक्टर आता काही विचारायचं असलं की तिच्याकडे बघतात, आणि मी शेजारी बसून टिपून घेते. हे सुरक्षित आहे, मला कळतं. कळून ते आवडतंच असं नाही.

मी आईला एवढंच म्हणाले, “काही नवीन घ्यायचं झालं तर आधी मला सांग.”

“बघू,” ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिला खोकला झाला. तिच्या जुन्या शाळेतल्या एक बाई भेटायला आल्या आणि काढ्याच्या पावडरीची बरणी देऊन गेल्या. मी टेबलावर काम करत होते. आई ती बरणी घेऊन आली, माझ्या कागदांवर ठेवली आणि म्हणाली, “हे घेऊ का? डॉक्टरांना विचारून सांग.”

मी दवाखान्यात फोन लावला, बरणीवरचं सगळं वाचून दाखवलं, त्यात ज्येष्ठमध आणि आणखी चार गोष्टी होत्या. घेऊ नका, गरम पाण्याची वाफ घ्या, दोन दिवसांत खोकला गेला नाही तर या, असा निरोप आला. मी तो आईला सांगितला. मला इतकं बरं वाटत होतं की मी विचारलंच, “आज बरी मला सांगायला आलीस?”

“तीच म्हणाली,” आई म्हणाली. “मी बरणी घेऊन आधी तिच्याकडे गेले होते. म्हणाली, पहिलं ताईंना विचारा, मी हात लावणार नाही.”

मी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

“थांब,” आई म्हणाली, “डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगून येते.”

आणि गेली.